दिवाणखान्यातील बुद्ध आणि कोल्हापूरचा धातुकरंडक

कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या बागेत भर दुपारी गेल्यास एक दृश्य हमखास दिसते. जवळच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात ज्यांचे माणूस पडून आहे असे खेड्यापाड्यांतील नातलग झाडांच्या सावलीत भाकरीचे गाठोडे सोडून बसलेले असतात. त्यांच्या पाठीशी मेजर मँट या इंग्रज वास्तुकाराने आखलेली, १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिलेली गॉथिक धाटणीची दगडी इमारत आहे. त्या इमारतीत ब्रह्मपुरीच्या टेकडीतून निघालेले दोन हजार वर्षांपूर्वीचे कोल्हापूर मांडून ठेवले आहे. बाहेर बसलेल्यांपैकी फार थोडे आत जातात. त्यांना आत बोलवावे असे काही आपण तेथे सांगतो का, हा प्रश्न आमच्या मनात पुष्कळ दिवस होता. त्याला नेमके रूप मात्र आले ते कोल्हापुरात नव्हे, बँकॉकमध्ये, एका अमेरिकन गृहस्थाच्या सागवानी घरात.

थायलंडच्या धम्मयात्रेला जाणारे आपले उपासक-उपासिका आता पुष्कळ झाले आहेत. वाट फो, वाट अरुण, अयोध्येचे (तेथील भाषेत अयुथयाचे) भग्न विहार ही स्थळे ठरलेली असतात. त्यांच्या जोडीला कधी कधी 'पारंपरिक थाई घर' म्हणून जिम थॉम्प्सन यांच्या घराचे दर्शन असते. आम्हीही ते पाहिले. ते सुंदर आहे आणि त्याची स्तुती आजवर पुष्कळांनी केली आहे. आम्हांला येथे त्याचे परीक्षण करावयाचे आहे ते एकाच कसोटीवर : या घरात बुद्ध कोणत्या नात्याने राहतो?

जेम्स थॉम्प्सन यांचा जन्म १९०६ सालचा, अमेरिकेतील डेलावेअर राज्यातला. व्यवसायाने ते वास्तुकार होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन गुप्तवार्ता खात्याचे अधिकारी म्हणून ते बँकॉकला आले आणि तेथेच राहिले. मरू घातलेल्या थाई रेशीम-विणकामाला त्यांनी जगाची बाजारपेठ मिळवून दिली. साँ साप नावाच्या कालव्याच्या काठी त्यांनी १९५९ साली आपले घर उभारले. म्हणजे नवे बांधले नाही, जुनी घरे आणून जोडली. एकूण सहा सागवानी घरे. काही अयोध्येच्या परिसरातून, काही कालव्याच्या पलीकडल्या बान ख्रुआ या विणकरांच्या वस्तीतून. १९६७ च्या २६ मार्च रोजी ते मलेशियातील कॅमेरॉन हायलँड्स या थंड हवेच्या ठिकाणी फिरावयास गेले आणि पुन्हा कोणास दिसले नाहीत. आज त्यांच्या नावाचा न्यास हे घर सांभाळतो.

घराविषयी प्रथम बोलले पाहिजे, कारण वास्तू म्हणून ते खरोखर अभ्यासण्यासारखे आहे. थाई घर पावसाच्या आणि पुराच्या देशातले. ते खांबांवर उंच उभे असते. त्याच्या भिंती वर जाताना किंचित आत कललेल्या असतात आणि छप्पर उतरते, लांब पागोळ्यांचे. खोलीतून खोलीत जाताना उंच उंबरा ओलांडावा लागतो. भिंतींचे तक्ते खिळ्यावाचून, लाकडी खुंट्यांनी एकमेकांत बसविलेले असल्यामुळे सबंध घर सोडवून होडीवर घालता येते आणि दुसरीकडे पुन्हा उभे करता येते. थॉम्प्सन यांनी हेच केले. पण त्यांनी काही भिंती उलट्या फिरविल्या. बाहेरून दिसावयाचे कोरीवकाम आतून दिसू लागले. मूळचा बाहेरचा जिना त्यांनी घरात घेतला, खाली संगमरवरी फरशी घातली, वर जुन्या राजवाड्यांतील झुंबरे टांगली. बैठकीच्या खोलीतील खिडक्या बुजवून त्यांचे कोनाडे केले आणि त्यांत ब्रह्मदेशातील 'नात' या देवतांच्या लाकडी मूर्ती बसविल्या.

हा माणूस रसिक होता यात संशय नाही. आपल्या कोल्हापुरातले जुने वाडे पाडून त्यांचे सागाचे खांब आणि कोरीव तुळया लाकडाच्या वखारीत विकल्या जाताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या घराचे मोल अधिक कळेल. थॉम्प्सन नसते तर ती सहा घरे आज नसती. हे आम्ही आधीच मान्य करून टाकतो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाईल. परंतु भिंती उलट्या फिरविण्याची ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या गावासाठी जे कोरले होते ते घराच्या मालकाच्या आणि त्याच्या पाहुण्यांच्या नजरेसाठी आत वळले. या संग्रहाचे सारे शास्त्र त्या एका कृतीत आम्हांला दिसते.

घरात शिरण्यापूर्वी पादत्राणे काढावी लागतात. थाई रीतच तशी आहे. आपले उपासक तर विहारात शिरल्यासारखे आपोआप काढतात आणि हात नकळत जोडले जाऊ लागतात. पण पुढे जे दिसते ते विहारातले नसते. द्वारवती काळातील, म्हणजे साधारण सातव्या-आठव्या शतकातील, चुनखडीच्या दगडाची एक बुद्धमूर्ती तेथे आहे. तिला शिर नाही, हात नाहीत. तिच्या अंगावरील चीवर इतके पातळ कोरले आहे की दगड भिजल्यासारखा वाटतो. भारतातील गुप्तकालीन सारनाथ-शैली समुद्रापलीकडे कशी गेली याचा तो बोलका पुरावा आहे. आमच्यासोबतची एक उपासिका त्या मूर्तीपुढे थांबून त्रिसरण म्हणू लागली. मार्गदर्शक मुलगी सौजन्याने क्षणभर थांबली, मग तिने पुढच्या खोलीकडे हात केला, कारण मागून दुसरा गट येत होता. त्या मुलीचा दोष नाही. ती स्वतः बौद्ध होती, तिच्या गळ्यात बुद्धाचे पदक होते. दोष असेलच तर त्या मांडणीचा आहे, जिच्यात बुद्धमूर्तीपुढे थांबण्याची सोय केलेली नाही, फक्त तिच्यावरून नजर फिरविण्याची केली आहे.

आणि येथेच १९६२ सालची गोष्ट सांगणे आवश्यक आहे. थायलंडच्या मध्यभागात सी थेप हे द्वारवती काळातील प्राचीन नगर आहे. त्याच्या जवळ थामोरत नावाचा डोंगर आहे आणि त्याच्या गुहेत बुद्ध व बोधिसत्त्व यांच्या मूर्ती खडकातच कोरलेल्या आहेत. चोरांनी त्यांची शिरे छिन्नीने तोडून काढली. ती हस्ते-परहस्ते बँकॉकच्या बाजारात आली आणि त्यांतील पाच थॉम्प्सन यांच्या संग्रहात पोहोचली. थाई शासनाच्या ललितकला खात्याने १९६२ मध्ये ती ताब्यात घेतली. थॉम्प्सन यांना याचा फार राग आला. आपले घर व संग्रह सयाम सोसायटी या विद्वत्संस्थेला देण्याचा त्यांचा विचार होता, तो त्यांनी बदलला. सी थेपचा समावेश २०२३ साली जागतिक वारशाच्या यादीत झाला आणि थामोरतची गुहाही त्यात आहे. गुहेत धडे आहेत, शिरे बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

थॉम्प्सन यांचा राग समजण्यासारखा आहे, असे त्यांचे चाहते म्हणतात. त्यांनी ती चोरली नव्हती, विकत घेतली होती. त्यांनी घेतली नसती तर न्यूयॉर्क किंवा लंडनच्या एखाद्या धनिकाने घेतली असती. हा युक्तिवाद नवा नाही. अमरावतीच्या स्तूपाच्या शिला लंडनला गेल्या त्या वेळीही तो झाला होता, आणि त्यात तथ्य अजिबात नाही असेही नाही. अमरावतीच्या कित्येक शिला गावकऱ्यांनी आणि जमीनदारांनी चुन्यासाठी भाजल्या, हे खरेच आहे. पण या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले असते : मूर्तीची सुरक्षितता म्हणजे तिच्या पृष्ठभागाची सुरक्षितता. शिर तोडले गेले तेव्हाच मूर्ती मेली, हे तो धरत नाही. तोडलेले शिर कोणी तरी विकत घेणार आहे, या खात्रीवरच छिन्नी चालते. ग्राहक रसिक असला म्हणून साखळीतील त्याचे स्थान बदलत नाही.

वेस्संतर जातकाची कापडावर रंगविलेली जुनी चित्रेही या घरात आहेत. थायलंडमध्ये या जातकाचे पठण हा मोठा उत्सव असतो आणि अशी चित्रे त्या वेळी विहारात लावतात. पत्नी आणि मुले यांचेही दान करून टाकणाऱ्या या राजपुत्राची कथा आम्हांला स्वतःला कधीच पटलेली नाही. बाबासाहेबांनी शिकविलेल्या बुद्धाच्या बुद्धिवादी धम्माशी ती जुळत नाही, हे आम्ही तेथेही मनात म्हटले. परंतु ती चित्रे ज्या लोकांनी केली व ज्यांनी ती विहाराला अर्पण केली, त्यांच्यासाठी तो दानाचा पाठ होता. आज ती उत्तम प्रकाशयोजनेखाली भिंतीची शोभा आहेत. दानाची चित्रे खरेदीची वस्तू झाली.

बागेविषयी दोन शब्द. ती दाट आहे, मुद्दाम रानासारखी वाढू दिलेली. ताडामाडांच्या सावल्या, पाण्याने भरलेले रांजण, तळ्यात मासे. बँकॉकच्या गोंगाटातून आल्यावर जीव शांत होतो. पण धम्मसाहित्य वाचणाऱ्याला बाग म्हटली की दुसरेच काही आठवते. पाली भाषेत बागेला 'आराम' म्हणतात आणि तोच शब्द भिक्खूंच्या निवासाला लागला, कारण पहिले विहार बागांतच झाले. बिंबिसाराने वेळुवन दिले, वैशालीच्या आम्रपालीने आपले आम्रवन दिले. अनाथपिंडिकाने जेतवनाची भूमी सुवर्णनाण्यांनी आच्छादून विकत घेतली आणि संघाला अर्पण केली. भारहुतच्या स्तूपावर तो प्रसंग कोरला आहे आणि खाली त्याचे नावही आहे. कुड्याच्या लेण्यांतील दात्यांमध्ये तर एक माळी आहे. आमच्या परंपरेत बाग ही द्यावयाची वस्तू होती. थॉम्प्सन यांच्या बागेत भूमीच्या रक्षक देवतेचे एक छोटे घरही आहे, जसे तेथील बहुतेक घरांच्या अंगणात असते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आम्हांला ते पाहून अवघडल्यासारखे झाले. प्रत्येक बौद्ध देशाने आपली जुनी भुतेखेते बरोबर ठेवली आहेत. आपण ती सोडण्याचे ठरविले, आणि ते किती कठीण असते हे आपणच जाणतो. तेव्हा यावर अधिक टीका आम्ही करीत नाही.

अंगणात रेशमाचे किडे आणि कोश यांचे प्रात्यक्षिक चालते. उकळत्या पाण्यात कोश टाकून धागा ओढतात. पर्यटक छायाचित्रे काढतात. आम्हांला विनयातील एक नियम आठवला. भिक्खूने रेशीम-मिश्रित आसन करवून घेऊ नये, असा तो नियम. त्याचे कारणही विनयात दिले आहे : आळवी येथे काही भिक्खू रेशीम करणाऱ्यांकडे जाऊन आमच्यासाठी खूप कोश उकळा असे सांगू लागले, तेव्हा लोकांनीच त्यांची निर्भर्त्सना केली. बुद्धमूर्तींनी भरलेल्या घराच्या दारात हे चालावे, यातील विसंगती तेथे कोणाच्या लक्षात येत असेल असे वाटले नाही. अर्थात आपल्या लग्नसमारंभांतील रेशमी साड्यांचे काय, हाही प्रश्न आहेच.

या घरात सर्वांत अधिक बोलले जाते ते एका विषयावर : थॉम्प्सन नाहीसे कसे झाले? वाघाने खाल्ले, हेरांनी पळविले, स्वतःच निघून गेले, अशा नाना तर्कांनी फेरी रंगते. ज्या बान ख्रुआच्या विणकरांनी त्यांचे रेशीम विणले, ते चाम वंशाचे मुसलमान होते. त्यांची वस्ती कालव्याच्या पलीकडे, घराच्या गच्चीवरून दिसेल इतकी जवळ होती. त्यांच्याविषयी एक-दोन वाक्ये येतात. ज्या उपासकांनी त्या मूर्ती घडवून घेतल्या त्यांच्याविषयी एकही येत नाही. संग्राहकाचे चरित्र हे संग्रहाचे सूत्र बनले की असेच होते. वस्तू त्याच्या होतात आणि त्यांचे आधीचे आयुष्य गळून पडते.

बुद्धाच्या अवशेषांची ही दुहेरी वाट आम्हांला पिप्रहवाच्या उदाहरणात सर्वांत स्पष्ट दिसते, आणि योगायोगाने त्याचे एक टोक बँकॉकमध्येच आहे. १८९८ साली पिप्रहवा येथील स्तूप पेपे नावाच्या इंग्रज जमीनदाराने खोदला. आत अस्थी आणि शेकडो रत्ने निघाली. अस्थी १८९९ मध्ये सयामचा राजा चुलालंकॉर्न यांना देण्यात आल्या. त्यांतील काही भाग ब्रह्मदेश व श्रीलंकेच्या बौद्धांना मिळाला, आणि बँकॉकमधील वाट साकेतच्या सुवर्णगिरीवर त्या आजही पूजिल्या जातात. रत्नांपैकी बरीच कलकत्त्याच्या संग्रहालयात गेली, काही पेपे यांच्या घराण्यात राहिली. या दुसऱ्या वाट्याचा मे २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलाव व्हावयाचा होता. भारत शासनाने नोटीस बजावली, जगभरच्या बौद्धांनी आवाज उठविला, लिलाव थांबला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ती रत्ने भारतात परत आली. एकाच स्तूपाच्या, एकाच पेटीच्या वस्तू. ज्यांना पूजक मिळाले त्या धातू झाल्या, ज्यांना मालक मिळाले त्यांची किंमत ठरविली गेली. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या सांचीहून लंडनला गेलेल्या अस्थी १९४७ मध्ये संग्रहालयातून बाहेर पडल्या आणि १९५२ साली पुन्हा सांचीला प्रतिष्ठित झाल्या. म्हणजे काचेच्या कपाटातून परतीची वाट आहे. ती मागणाऱ्यांवर अवलंबून आहे.

महाराष्ट्रात तर मूर्तीचा प्रवास उलट दिशेने झाला आहे. १९५४ च्या डिसेंबरमध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्याच महिन्याच्या २५ तारखेला देहूरोडच्या विहारात त्यांनी जी बुद्धमूर्ती प्रतिष्ठित केली ती रंगूनहून आणलेली होती. तेव्हा धम्मदीक्षेला अजून दोन वर्षे होती. ज्या समाजाच्या घरात बुद्ध नव्हता त्याच्याकडे तो परदेशातून पाहुणा म्हणून आला आणि घरचा झाला. त्याच काळात थॉम्प्सन बँकॉकमध्ये मूर्ती जमवीत होते. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे. मूर्ती दोघांनीही स्थलांतरित केल्या.

आता कोल्हापूरला परत येऊ. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४-४५ मध्ये राजाराम महाविद्यालयाचे प्रा. कुंदनगार यांनी संस्थानच्या वतीने, आणि १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. त्या वस्तूंसाठीच १९४६ साली संग्रहालय निघाले आणि १९४९ पासून ते टाऊन हॉलमध्ये आहे. ब्रह्मपुरीचे नाव निघाले की कोल्हापूरकर अभिमानाने एकाच वस्तूची आठवण काढतो : ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची कांस्यमूर्ती. वीतभरही उंच नाही, पण घडण अप्रतिम. पंचगंगेच्या काठी ग्रीकांचा देव सापडावा याचे नवल वाटणारच. पर्यटन-पुस्तिकांत तो असतो, वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत असतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही.

परंतु या टेकडीच्या उत्खननापूर्वी कित्येक वर्षे, एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात, याच कोल्हापुरात एका बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि त्यात एक धातुपेटी सापडली होती. तिच्यावर ब्राह्मी अक्षरांत एक छोटी ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ असा : हे बम्हाचे दान, धमगुताने करविलेले. अक्षरांचे वळण इसवी सनापूर्वीचे आहे. पिप्रहवाच्या स्तूपाला कुदळ लागण्यापूर्वी सुमारे दोन दशके आपल्या गावात हे निघाले होते. ज्या नगराची ओळख आज अंबाबाई, कुस्ती आणि गुळ यांनी होते, त्या नगराच्या लिखित इतिहासात अगदी आरंभीला भेटणाऱ्या माणसांपैकी दोघे बौद्ध उपासक आहेत. बम्ह आणि धमगुत, म्हणजे ब्रह्म आणि धर्मगुप्त. ही दोन नावे कोल्हापुरातील किती बौद्ध मुलांना ठाऊक आहेत? पोसायडनचे नाव त्यांतील पुष्कळांना सांगता येते.

यावर कोणी म्हणेल, पोसायडन हा व्यापाराचा पुरावा आणि पेटी हा धर्माचा. दोन्ही वेगळे विषय आहेत. आमच्या मते ते वेगळे नाहीत. पेटी आणि पोसायडन यांत काळाचे अंतर आहे हे खरे. पण ज्या रस्त्यांनी रोमचा माल कोकणच्या बंदरांतून घाटावर चढला त्याच रस्त्यांवर लेणी कोरली गेली आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांची नावे दाते म्हणून कोरलेली आहेत. समुद्रापलीकडून आलेली माणसे येथे बुद्धाला स्तंभ अर्पण करीत होती. सुतार, लोहार, माळी, सार्थवाह, भिक्खुणी यांच्या नावांनी पश्चिम महाराष्ट्रातील लेण्यांच्या भिंती भरल्या आहेत. या दात्यांना वगळून पोसायडनची गोष्ट सांगितली तर ती एका परदेशी खेळण्याची नवलकथा होते. त्यांना धरून सांगितली तर ती या भूमीच्या श्रमण संस्कृतीची कथा होते.

आमच्या भागात हे विस्मरण जुने आहे. जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळ्याची बौद्ध लेणी आहेत. महाराष्ट्रात अशी कित्येक लेणी लोकांच्या तोंडी 'पांडवलेणी' झाली आहेत. पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरल्याच्या कथा सांगणाऱ्या गावकऱ्याचा राग येऊन उपयोग नाही. त्याला दुसरी कथा सांगायला शतकानुशतके कोणी उरले नव्हते. आता आपण आहोत. तेव्हा संग्रहालयांकडे बोट दाखविण्याआधी स्वतःकडे पाहिले पाहिजे, आणि ही गोष्ट आमच्या वाचकांना रुचणार नाही याची आम्हांला कल्पना आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजात घर झाले, मुलाला नोकरी लागली, लग्न ठरले की बुद्धाची मूर्ती भेट देण्याची प्रथा पडली. चांगली प्रथा आहे. पण आता दुकानांत मिळते ते बहुधा फक्त शिर : फायबरचे, सोनेरी किंवा तांबूस, खाली लाकडी बैठक, कधी त्यातून पाणी वाहते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, दूरदर्शन संचाच्या बाजूला ते ठेवले जाते. हे शिर कोठून आले? कोणत्याही बौद्ध शिल्पपरंपरेत शिर एवढीच मूर्ती घडविण्याची रीत नव्हती. ते थामोरतसारख्या गुहांतून तोडलेल्या शिरांची नक्कल आहे. युरोप-अमेरिकेच्या दिवाणखान्यांतून फिरून ते आपल्या घरी आले आहे. बँकॉकमध्ये विमानतळाच्या रस्त्यावर तेथील बौद्धांनी मोठे फलक लावले आहेत की बुद्ध ही सजावटीची वस्तू नव्हे. तो फलक वाचून मान डोलावणारे आमच्यातलेच काही जण संध्याकाळी बाजारात तसलीच शिरे घासाघीस करून घेत होते. त्यांना काय म्हणावे! थॉम्प्सन यांनी निदान खरी वस्तू घेतली होती.

दुसरी गोष्ट नोंदीची. थायलंडच्या उपासकांनी दिलेल्या सुंदर धातुमूर्ती आज महाराष्ट्रातील कित्येक विहारांत आहेत. त्या कोणी दिल्या, कोणत्या गावच्या लोकांनी वर्गणी काढली, कोणत्या साली आल्या, स्वागताला कोण होते, याची लेखी नोंद किती विहारांत सापडेल? संगमरवरी पाटीवर उद्घाटक पुढाऱ्याचे नाव ठळक असते. बम्हाने दिलेल्या पेटीवर एका ओळीत देणारा आणि करविणारा दोघेही आहेत, कोणा राजाचे नाव नाही. दोन हजार वर्षांनी आपल्याला ते वाचता आले ते त्या ओळीमुळे. आपण आज तेवढेही लिहून ठेवीत नाही, आणि मग संग्रहालयाने आपली दखल घ्यावी अशी अपेक्षा करतो.

वस्तू आणि वास्तू जिवंत कशा राहतात हे आपल्याला कोणी शिकवावे लागू नये. दादरचे 'राजगृह' बाबासाहेबांनी १९३३ च्या सुमारास ग्रंथांसाठी बांधले. मगधाच्या राजधानीचे नाव त्या घराला दिले, धम्मदीक्षेच्या तेवीस वर्षे आधी. दर सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरून हजारो माणसे तेथे जातात. त्यांना कोणी वास्तुशैली समजावून सांगत नाही आणि ती त्यांना नकोही असते. खुद्द कोल्हापुरात बिंदू चौकात भाई माधवराव बागल यांनी ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे बसविले, बाबासाहेब हयात असताना. त्या पुतळ्यांकडे आजही माणसे मोर्चा घेऊन येतात, जयंतीला येतात, भांडण झाले तरी तेथेच येतात. शिल्प म्हणून त्यांचा दर्जा काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. टाऊन हॉल तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आमचे म्हणणे संग्रहालयांच्या विरुद्ध नाही. प्रत्येक मूर्ती विहारात हलवावी असेही आम्ही म्हणत नाही. शिरविहीन द्वारवती मूर्तीला आर्द्रता मोजणारे यंत्र लागते, ते आपल्या विहारात नसते. आम्ही मागतो ते थोडे आहे. कोल्हापूरच्या धातुपेटीची प्रतिकृती आणि त्या एका ओळीचे ठसठशीत वाचन, ब्राह्मी, देवनागरी आणि मराठी अर्थासह, ब्रह्मपुरीच्या दालनात असावे. पोसायडनच्या शेजारी कार्ल्याच्या यवन दात्यांचे लेख छायाचित्रांत असावेत. पोहाळ्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे खरे नाव असावे. यासाठी पत्रव्यवहार करावा लागेल, हेलपाटे घालावे लागतील, प्रतिकृतीसाठी वर्गणी काढावी लागेल. गावोगावच्या विहार समित्यांनी एक साधी नोंदवही घालावी आणि मूर्ती कोठून आली येथपासून आरंभ करावा. ज्यांनी आणली ती माणसे अजून हयात आहेत तोवर. येत्या वैशाख पौर्णिमेला, सकाळची वंदना झाल्यावर, कोल्हापुरातील उपासकांनी मुलांना घेऊन ब्रह्मपुरीच्या टेकडीवर जावे, तेथून टाऊन हॉलमध्ये यावे. बागेत शिदोरी सोडायला जागा पुष्कळ आहे, आणि झाडाखाली बसलेल्या त्या नातलगांनाही आत येण्याविषयी विचारता येईल.